फळी झाकून होडी टिकत नाही

उजनी धरणाच्या काठावर वापरलेली फायबरची होडी घ्यायला जाणाऱ्याला एक सल्ला फुकट मिळतो. होडीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन लटकतं ती, हाताने दाबली की जराशी हलते. बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपत असतं. घेणारा कुरकुरतो, तसा विकणारा म्हणतो, "मालक, काय हुतंय त्याला? दोन्ही अंगानं पत्रा मारा, चार बोल्ट आवळा, धा वर्सं बघायला नको." बाजूला उभा असलेला मिस्त्री मान डोलावतो आणि सौदा ठरतो.

सल्ला देणारे सगळेच लबाड असतात असं नाही. पुष्कळांनी स्वतःच्या होडीवर हेच केलेलं असतं आणि त्यांची होडी चालतेही. म्हणूनच या सल्ल्याचा नीट समाचार घ्यायला हवा. माझं म्हणणं असं की, फळी आतून कुजली असेल तर ती पूर्ण काढून नवी बसवणं हीच दुरुस्ती. बाकी सगळी झाकपाक. आणि ही झाकपाक स्वस्तही पडत नाही.

आधी ही फळी काय असते ते पाहू. इंजिनवाले तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून ती फायबरची दिसते, म्हणून ती सगळी फायबरचीच आहे असा समज असतो. लहान होड्यांत बहुधा तसं नसतं. बाहेर फायबरचा एक पातळ थर, आतल्या अंगाला दुसरा आणि दोहोंच्या मधे दीड इंचाच्या आसपास प्लायवूड. हे तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तोवर फळी ताठ राहते. मधलं लाकूड मऊ झालं की दोन पातळ पापुद्रे उरतात, आणि ते एकेकटे इंजिनाचा भार पेलू शकत नाहीत.

भारही साधासुधा नसतो. दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन चाळीस किलोच्या घरात जातं, आणि ते होडीच्या बाहेर लोंबकळत असतं. वीस इंची शाफ्टच्या इंजिनाचा पंखा फळीच्या माथ्यापासून दोन फुटांहून जास्त खाली फिरतो. इंजिनाची पकड मात्र वरच्या वीतभर उंचीत. पंखा होडीला पुढे रेटतो तेव्हा पकडीचा खालचा काठ फळीत रुततो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. तरफेच्या हिशेबाने खालच्या काठावरचा दाब पंख्याच्या जोराच्या दुपटीहून जास्त होतो. ही ओढाताण दर फेरीला, दर वळणाला आणि दर लाटेला चालू असते.

अशा फळीवर पत्रा मारल्याने काय होतं? पत्रा भार पसरवतो, हे खरं आहे. फळी आतून ठणठणीत असेल आणि बोल्टखाली दबू नये म्हणून ॲल्युमिनियमची जाड पट्टी टाकली, तर ते शहाणपणाचंच काम आहे. पण इथे पत्रा येतो तो फळी ठणठणीत राहिलेली नसते तेव्हा. मऊ लाकडावर बोल्ट आवळले की लाकूड दबतं, बोल्ट सैल पडतात, पुन्हा आवळतात, पुन्हा दबतं. शिवाय पत्रा बसवायला नवी आठ-दहा भोकं पडतात आणि त्या प्रत्येक भोकातून पाण्याला आत जायची नवी वाट मिळते. पत्र्याआड गेलेली ओल उन्हाने वाळत नाही. वरून सगळं चकचकीत, आत कूज दुप्पट वेगाने. पुढच्या गिऱ्हाईकाला तर फळी दाबून पाहायचीही सोय उरत नाही. एम-सीलचे गोळे, फायबरचं वरवरचं ठिगळ, भोकातून ओतलेलं रेझीन हे याच जातीचे उपाय. ओलं, भुसभुशीत लाकूड रेझीन पीत नाही. रेझीन वाट मिळेल तिथे साचतं आणि मधली कूज तशीच राहते.

यावर लगेच उत्तर येतं, "हा काय समुद्र हाय का? धरणाचं पाणी हाय, निवांत." ही समजूत सगळ्यांत धोक्याची आहे.

उजनी निवांत नसते. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट वाऱ्याने उलटली. तिच्या फळीबद्दल माझं काही म्हणणं नाही आणि त्या दुःखाला या वादात साक्षीला ओढायचंही नाही. पण 'धरणात कुठल्या लाटा' हे वाक्य त्या दिवसानंतर कुणी उच्चारू नये. वळवाचा वारा उघड्या पाण्यावरून आला की लाट उठायला वेळ लागत नाही. अशा वेळी होडीचं नाक वाऱ्याकडे धरून ठेवणं हाच बचाव असतो, आणि ते नाक धरून ठेवणारं इंजिन ज्या फळीवर आहे ती फळी त्याच घटकेला दगा देऊन चालत नाही.

दुसरं कारण पाण्याच्या पातळीचं. 1980 मध्ये पुरं झालेल्या या धरणाचा साठा सुमारे 117 टीएमसी मानला जातो, आणि त्यातला 63 टीएमसीहून जास्त भाग मृतसाठा. उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली' ही बातमी सोलापूरकराला नवी नाही. पाणी उतरलं की बुडालेली गावं डोकं वर काढतात. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, ते बघायला लोक गर्दी करतात. होडीवाल्याला मात्र अजून उघडं न पडलेलं पाहावं लागतं. पाण्याखाली हातभर राहिलेली भिंत, झाडाचं खोड, विहिरीचा कठडा. त्यावर चालत्या इंजिनाचा पाय आदळला की तो धक्का थेट मागच्या फळीत जातो. चांगली फळी तो धक्का सोसते, पंख्याची पिन तुटते, काम भागतं. कुजकी फळी बोल्टांसकट फाटते. जलपर्णी पंख्यात गुरफटली की होणारी ओढाताण वेगळीच.

तिसरं कारण ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. लाकूड कुजायच्या बाबतीत गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा वाईट. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. समुद्रात लाकडाचा वैरी वेगळा, तिथे ते पोखरणारा किडा असतो. धरणात तो किडा नसतो, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. तिला ओल, हवा आणि ऊब एवढंच लागतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढत नाही. त्याउलट लाकूड कायमचं पाण्यात बुडालेलं असेल तरीही ते सहसा कुजत नाही, कारण हवा मिळत नाही. स्वीडनचं 'वासा' हे लाकडी जहाज 1628 मध्ये बुडालं आणि 1961 मध्ये वर काढलं, तेव्हा त्याचा सांगाडा शाबूत होता. ते बुडालं त्या बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं की तिथे तो किडाही टिकत नाही. वर काढल्यावरच खरी कसोटी लागली आणि लाकूड टिकवण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षं रसायनाची फवारणी करावी लागली.

आपली होडी या दोन टोकांच्या बरोबर मधे अडकते. ती मेमध्ये काठावर उन्हात उताणी पडून असते, जूनमध्ये तिच्यात पावसाचं पाणी साचतं, मागची बाजू उताराकडे असल्याने ते सगळं फळीच्या बुडाशी गोळा होतं. तिथेच पाणी काढायच्या बुचाचं भोक असतं, आणि त्या भोकाची कड कुणी बंद केलेली नसते. प्लायची कापलेली कड पाणी शोषून घेते, ते पाणी थराथरांत वर चढतं, बाहेरून काही दिसत नाही. बुरशीला हवी ती ओल, हवी ती हवा, आणि ऊब तर सोलापूर जिल्ह्यात कमी नाही.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक पुढे येतात. त्यांना पत्राही नको आणि लाकूडही नको. लाकूड जुनं झालं, आता न्हाणीघराच्या दारालासुद्धा डब्ल्यूपीसी लावतात, तेच फळीत टाका, कुजायचं नावच नको. हे ऐकायला बरं वाटतं, पण न्हाणीघराच्या दाराला कुणी चाळीस किलोचं इंजिन लटकवत नाही. फर्निचरच्या दुकानातला डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसीचा बोर्ड फुगवलेल्या प्लास्टिकचा असतो. कायमच्या दाबाखाली तो हळूहळू बसतो, त्यामुळे आज आवळलेले बोल्ट महिन्याभरात सैल होतात. त्याला रेझीनची पकडही भरवशाची नसते. सोलापूरच्या उन्हात काळं इंजिन आणि गडद रंगाची फळी हात लावू देत नाही, तिथे प्लास्टिकचा ताठपणा आणखी कमी होतो. होड्यांच्या फळीसाठीच बनवलेले, काचतंतू घातलेले घट्ट बोर्ड जगात मिळतात आणि ते उत्तम असतात. ते परवडत असतील आणि हाताशी असतील तर जरूर वापरावेत. पण त्यांच्या नावावर दाराचा बोर्ड खपवू नये.

लाकडाला जुनाट म्हणणाऱ्यांनी मुंबई गोदीचा इतिहासही वाचावा. वाडिया घराण्याने सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्या जहाजाने दुरुस्त्या भरपूर पाहिल्या, पण कुजलेल्या भागावर पत्रा मारून ते दोनशे वर्षं टिकलं नाही. भाग काढून नवा घालत गेले, म्हणून टिकलं.

तिसरा सल्ला पैसेवाल्यांचा. जुनी होडी भंगारात टाका आणि नवी घ्या. फायबरचा तळ, बाजू आणि नाक चांगलं असेल तर एका फळीसाठी अख्खी होडी टाकणं हा शुद्ध अपव्यय. फायबर कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, काठावर कचरा होऊन पडतं. मासेमारीवर घर चालवणाऱ्याने त्यासाठी कर्ज का काढावं? शिवाय नव्या होडीच्या फळीतही पुष्कळदा प्लायच असतं. तिच्यावर पहिल्या दिवशी इंजिन बसवताना भोकं उघडी ठेवली की तोच रोग तिलाही लागतो. हा सल्ला एकाच परिस्थितीत योग्य ठरतो. तळातले लांब कणे आणि जमिनीखालची लाकडंही फळीसोबत कुजली असतील, तळ दाबल्यावर लवत असेल, तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडावा.

आता खर्चाची गोष्ट, कारण शेवटी सगळे तिथेच येऊन थांबतात. "चांगली प्लाय परवडत नाही," हे वाक्य मला सर्वांत कमी पटतं. लहान होडीची फळी साधारण पाच फूट रुंद आणि दीड फूट उंच धरा. एकोणीस मिलीमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवले की अडतीस मिलीमीटर, म्हणजे दीड इंच होतात. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये दोन्ही थर निघून अर्ध्याहून जास्त शीट उरते. या कामात खरा पैसा जातो तो मजुरी, रेझीन आणि कापडात. तिथे तडजोड न करता प्लायमध्ये काटकसर करणं म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच वगळणं. प्लाय भारतीय मानक 710 चीच घ्यावी. सोलापुरातला कोणताही सुतार तिला 'सातशे दहा' म्हणून ओळखतो, कारण ओट्याखालच्या कपाटांना लोक तीच मागतात. त्या मानकात तिला 72 तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. पण त्याचा अर्थ लाकूड कुजत नाही असा नव्हे. थरांमधला चिकटा पाण्यात सुटत नाही, एवढाच. कूज थांबवायचं काम आपलं.

ते काम कसं करायचं हे सांगितल्याशिवाय हा प्रतिवाद पुरा होत नाही, कारण पत्र्याच्या बाजूने दिला जाणारा शेवटचा युक्तिवाद हाच की पूर्ण फळी बदलणं आपल्याकडे जमत नाही. जमतं. पाण्याच्या टाक्या, मूर्ती आणि गाड्यांचे भाग फायबरमध्ये करणाऱ्या कारागिराला यातलं बरंच येतं, फक्त क्रम समजावून सांगावा लागतो.

आधी इंजिन उतरवायचं आणि होडीच्या दोन्ही कडांना जोडणारी आडवी पट्टी बांधायची. फळी काढल्यावर बाजू पसरतात आणि मग नवी फळी मापात बसत नाही. आतल्या अंगाचा फायबरचा थर ग्राइंडरने कापायचा, पण कडेने दोन-तीन इंचांची किनार राखायची. बाहेरचा थर तसाच ठेवायचा, तोच नव्या फळीचा साचा. मग छिन्नी आणि हातोडी. मधलं कुजकं लाकूड ओल्या चहाच्या चोथ्यासारखं हाताने निघतं, कडेचं चांगलं लाकूड मात्र चिवटपणे भांडतं. 'एवढं चांगलं आहे, राहू दे,' असा मोह इथेच होतो. राहू द्यायचं नाही. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात. आतून बाहेरचा थर स्वच्छ घासला की त्याला काही दिवस उघडं सुकू द्यायचं. या कामाला एप्रिल-मेची आपली कोरडी हवा कोकणापेक्षा कितीतरी सोयीची.

पुठ्ठ्याचा साचा काढून दोन्ही थर कापायचे. कापलेल्या कडांना आणि दोन्ही तोंडांना आधी पातळ रेझीन पाजायचं, लाकूड पिईल तेवढं. मग दाट केलेल्या एपॉक्सीने थर एकमेकांना आणि बाहेरच्या फायबरला चिकटवायचे. शिकंजे आवळताना इतकं दाबायचं नाही की सगळा चिकटा बाहेर निघून जाईल. पॉलिस्टर रेझीन स्वस्त असतं, पण लाकडाला आणि जुन्या वाळलेल्या फायबरला एपॉक्सी अधिक घट्ट धरतं. एपॉक्सीसोबत नेहमीची काचेची मॅट मात्र वापरू नये. मॅटचे धागे एकत्र ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून विणलेलं कापड घ्यावं. कोपऱ्यांत पुट्टी भरून गोलाई द्यावी आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद टाकावा, म्हणजे फळीचा भार तळात आणि बाजूंत वाटला जातो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात रेझीन डब्यातच गोठतं, डबा तापून धूर निघतो. म्हणून काम पहाटे सुरू करावं आणि थोडं थोडंच कालवावं. पॉलिस्टर वापरत असाल तर कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. ग्राइंडर चालवताना तोंडाला नीट मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी भोकांची. बोल्टपेक्षा बरंच मोठं भोक पाडायचं, ते दाट एपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, आणि सील निकामी झालं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बुचाच्या भोकालाही हाच न्याय. बोल्ट स्टेनलेसचे, मोठे वॉशर, खाली पॉलियुरेथेनचं सीलंट. जुनी फळी कुजली ती या एका कामात केलेल्या आळसाने. लाकडाला दोष देणारे सगळे या भोकांपाशी गप्प होतात.

सरकारी बाजूनेही इथे लक्ष घालायला हवं. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला 2021 चा अंतर्देशीय नौका कायदा यांत्रिक नौकांचं सर्वेक्षण आणि नोंदणी सक्तीची करतो. कळाशीच्या दुर्घटनेनंतर चर्चा झाली ती लाइफ जॅकेटची आणि किती माणसं बसवायची याची. त्या दोन्ही गोष्टी पहिल्या क्रमांकाच्याच, त्यात वाद नाही. पण सर्वेक्षण म्हणजे जॅकेट मोजणं एवढंच नसतं. इंजिनाचा पाय हाताने वर-खाली करून फळी हलते का ते पाहायला मिनिटभर लागतं. हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजक्या जागी बसका. प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक यांत्रिक होडीची ही तपासणी व्हावी, आणि पत्रा मारलेली फळी दिसली तर पत्रा काढून दाखवल्याशिवाय होडी पास करू नये. यात नव्या कायद्याची गरज नाही, आहे तो मनापासून राबवायची आहे.

पत्रेवाल्यांना अजूनही आपलंच खरं वाटत असेल तर निवाडा सोपा आहे. विकायच्या होडीच्या फळीत आतल्या अंगाने, बुडाजवळ, चार मिलीमीटरचं एक भोक गिऱ्हाइकासमोर पाडा. ड्रिलच्या टोकाला कोरडा, फिकट भुसा आला तर फळी चांगली, भोक एपॉक्सीने बुजवा आणि सांगाल ती किंमत घ्या. काळा, ओला गाळ आला तर फळी बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करा. जो विकणारा हे भोक पाडू देत नाही, त्याच्याकडून होडी घेऊ नये.